वाळूतलं दार

"कोमाद्रे, तुझ्या घेवड्यात वाळू लागतेय."

कितेरियानं घास गिळला नाही. चमचा तसाच हातात धरून ती दिओलिंदाकडे बघत राहिली.

"वाळू कुठे लागत नाही?" दिओलिंदा चुलीपुढून उठली नाही. "तुझ्या घेवड्यात काय साखर असते?"

"माझ्याकडे ताटात पडते, वाऱ्यानं. तुझ्याकडे भांड्यात पडलीय. वर बघ."

दोघींनी वर पाहिलं. चुलीच्या बरोबर वर, धुरानं काळ्या पडलेल्या झावळ्यांतून वाळूची सुतासारखी बारीक धार खाली येत होती. तिला आवाज नव्हता आणि घाईही नव्हती. दिओलिंदानं भांडं उचलून बाजूला ठेवलं, तशी धार निखाऱ्यांवर पडू लागली.

"टेकडी छपराला टेकली," कितेरिया म्हणाली.

"दिसतंय."

"मग दार कधी काढायचं?"

दिओलिंदानं कोमाद्रेच्या ताटात मांडिओकाच्या कंदाचं भाजकं पीठ वाढलं. पीठ कुरकुरीत असतं, त्यात वाळू लपते.

बाइशा दो मुरिसी ही समुद्राकाठच्या टेकड्यांमध्ये वसलेली वस्ती. घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बकऱ्या माणसांपेक्षा जास्त. पायाखालची वाळू सरकली की इतरत्र लोकांच्या काळजात धस्स होत असेल. इथे ती रोज सरकते आणि कुणी हातातलं काम टाकत नाही. समुद्राचा वारा टेकड्यांना ढकलत आत नेतो. टेकडी घराच्या मागे येऊन उभी राहते, मग कुडाला खेटते, मग छपरावर चढते. तेव्हा माणसं मेढी उपटतात, वासे सोडतात, सगळं घर गाढवांवर लादतात आणि टेकडीनं मागे मोकळी केलेल्या जमिनीवर ते पुन्हा उभं करतात. तिथे कधीतरी आजोबांचं घर होतं, नाहीतर पणजोबांचं. वाळू ठेवून घेत नाही, उसनं नेते, असं इथले म्हातारे सांगतात.

घर हलवायचं तर आधी दार हलवायचं, ही बाइशाची रीत होती. नव्या जागी चौकट रोवायची, दार बसवायचं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं दार. घरची बाई त्यातून आत जाते आणि तीन दगडांवर कॉफी ठेवते. शेजारी बाहेर येऊन टाळ्या वाजवतात आणि हाक देतात, "घरात कोण आहे हो?" बाई आतून विचारते, "बाहेर कोण आहे हो?" शेजारी म्हणतात, "आपलंच माणूस." मग ती दार उघडते, सगळे एकेक करून दारातून आत येतात, वाळूत बसतात आणि कॉफी पितात. कॉफी प्यायली की घर झालं. भिंती मग सवडीनं उभ्या राहतात. दाराला वळसा घालून आत येणारा माणूस बाइशात जन्मला नव्हता. तसं करायचं असेल तर बकरी हो, असं पोरांना सांगत.

दिओलिंदाचं दार निळं होतं. समुद्रानं फेकलेल्या एका होडीच्या फळ्या जोडून तिच्या नवऱ्यानं, अनास्तासिओनं, ते लग्नाच्या आधी केलं होतं. आतून लावायचा अडसरही त्यानंच तासला होता, चांगला मनगटाएवढा जाड. "इथे चोर कोण येणार आहे?" असं तिनं तेव्हा विचारलं होतं. "वारा," तो म्हणाला होता. अनास्तासिओ जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, पण अडसर गुळगुळीत होत होत अजून टिकून होता.

आता कुठे जायचं, याचा विचार तिला करावा लागणार नव्हता. तो तिनं तीस वर्षं केला होता. तिचं पहिलं घर पूर्वेच्या अंगाला, काजूच्या झाडापाशी होतं. त्या झाडाखाली तिची रोझिल्दा होती. तीन वर्षांची पोर. ऐन पावसात ताप चढला, सगळीकडे तळी भरलेली, गाढवसुद्धा शहरापर्यंत जाईना. कितेरियानं त्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलं होतं, म्हणून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. पोर गेली, नातं राहिलं. पुढच्याच वर्षी टेकडी आली आणि घर, काजू, क्रूस, सगळं झाकून बसली. दिओलिंदानं मेढी उपटल्या, दार उचललं आणि पोरीला तिथेच ठेवून ती इकडे आली. न्यायचं कसं आणि काय?

गेल्या उन्हाळ्यात बकऱ्यांमागे फिरताना तिला टेकडीच्या पाठीमागून एक करडा शेंडा वर आलेला दिसला. वाळून कोळ झालेला काजू. या वर्षी त्याचं खोड बुंध्यापर्यंत मोकळं झालं होतं. आजूबाजूला सपाट, पांढरी, घट्ट जमीन होती आणि चुलीचे तीन दगड जिथल्या तिथे होते. त्या दिवशी ती त्या दगडांवर बसून इतकी रडली की बकऱ्या चरायच्या थांबून बघायला आल्या.

उद्यानाचे अधिकारी ओतावियो चार चाकांच्या मोटरसायकलवरून आले ते नेमके छपरातून वाळू पडायला लागल्याच्या आठवड्यात. दक्षिणेकडचा माणूस, नाक सदा सोललेलं, दिओलिंदाच्या हातची कॉफी आवडणारा. या टेकड्या, ही तळी, हे सगळं राष्ट्रीय उद्यान आहे, असं सरकारनं जाहीर केलं त्याला जमाना झाला होता. कितेरियाचा नवरा गोन्सालो यानं तेव्हा विचारलं होतं की उद्यान म्हणजे फुलझाडं लावणार का. ओतावियोंच्या आधीच्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट ऐकवली की ते चिडत. ओतावियो हसत, म्हणून वस्तीला ते आवडत.

"दोना दिओलिंदा, आहे त्या जागी डागडुजी करायला मी कधी नाही म्हटलंय का?"

"आहे त्या जागी टेकडी आहे, दोतोर." सरकारी साहेब म्हटला की बाइशात तो दोतोरच.

"ते दिसतंय मला."

"मग टेकडीची डागडुजी करू?"

ओतावियो हसले आणि लगेच कपात बघू लागले. "काजूपाशी घर बांधता येणार नाही. तो भाग राखीव आहे. तिथे नवं घर नाही."

"नवं कुठलं? जुनंच आहे. मध्ये जरा टेकडी बसली होती, ती उठली."

"मला ठाऊक आहे उठली. दरवर्षी मोजतो मी तिला." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "तुमच्या एका झोपडीनं काही बिघडत नाही, हे मला कळतं. तुम्ही लोक इथे राहिलात म्हणूनच हे असं राहिलंय, हेही कळतं. पण तिकडे शहरात, सांतो इनासियोत, लॉजवाले टपून बसलेत. आज तुम्हाला हो म्हटलं, की उद्या प्रत्येकाची एकेक आजी इथे जन्मलेली निघेल."

"माझी खरी आहे."

"हो. त्यांच्या खोट्या असतील. पण समितीपुढे खरी आजी आणि खोटी आजी सारखीच दिसते." त्यांनी कप ठेवला. "मी समितीत विषय मांडतो. पावसाळा जाऊ द्या. तोवर काही बांधू नका, एवढं ऐका माझं."

ते गेल्यावर गोन्सालो कुडाला टेकून बसला. "झालं. दोतोरशी बोलणं म्हणजे वाळूत मुतणं. फेस नाही, पाणी नाही."

"माणूस वाईट नाही तो," दिओलिंदा म्हणाली.

"वाईट असता तर बरं होतं. शिव्या तरी देता आल्या असत्या."

बांधू नका, असं ओतावियो म्हणाले होते. दार लावू नका, असं म्हणाले नव्हते. दिओलिंदाला त्यात लबाडी वाटली नाही. तिला वाटलं, दोतोर परके असले तरी इतकी वर्षं इथे कॉफी पितायत. उभं दार बघितलं तर त्यांना कळेल की घर झालेलं आहे. झालेलं घर कोण मोडतं? बाइशाबाहेर दाराला नुसतं दार समजतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

दोन गाढवांमध्ये दार आडवं बांधून ती तिघं पूर्वेकडे गेली. गोन्सालोनं काजूच्या अलीकडे चौकट रोवली, अशी की दारातून आत गेलं की समोर खोड. दिओलिंदा आत गेली, अडसर घातला आणि जुन्या तीन दगडांवर कॉफी ठेवली. बाहेर टाळ्या वाजल्या.

"घरात कोण आहे हो?"

"बाहेर कोण आहे हो?"

"आपलंच माणूस."

कितेरिया आत आली ती सरळ काजूपाशी गेली आणि बुंध्याला हात लावून उभी राहिली. "पोरी, उठ गं," ती म्हणाली, "तुझी आई परत आली." आणि मग दोघी कोमाद्रे त्या उघड्या उन्हात गळ्यात गळा घालून रडल्या. गोन्सालो कॉफीकडे बघत राहिला. ती उतू गेली तरी त्याला ती उचलायचं सुचलं नाही.

त्यानंतर दिओलिंदा रोज दुपारी काम उरकून तिथे जाऊन बसायची. काठीनं वाळूत रेघा मारायची. इथे झोपायचे झोपाळे, इथे चूल, इथे बकऱ्यांचा आडोसा. वारा रेघा पुसायचा, ती पुन्हा मारायची. एके दिवशी टाळ्या ऐकू आल्या नाहीत, नुसतं हसणं ऐकू आलं. वर पाहिलं तर दाराच्या पलीकडे पाठीवर पिशव्या घेतलेली दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, फोन काढून उभी.

"आई शप्पथ, नुसतं दार!" मुलगी म्हणाली. "कुठे जातं हे?"

"घरात," दिओलिंदा म्हणाली.

त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. दिओलिंदानं त्यांना हाक कशी द्यायची ते शिकवलं, दारातून आत घेतलं, कॉफी दिली. दारात आलेल्याला कॉफी न देणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. जाताना त्या मुलीनं हातातली रंगीत फीत सोडून काजूच्या फांदीला बांधली. कशासाठी, ते दिओलिंदानं विचारलं नाही. फीत वाऱ्यावर फडफडत होती आणि पोरीच्या डोक्यावर काहीतरी रंगीत आलं, म्हणून तिला बरं वाटलं.

पावसात टेकड्या भिजून जागच्या जागी थांबल्या. तळी भरली. पाऊस ओसरला तसा सांतो इनासियोहून तिचा मुलगा वाल्देनोर जीप घेऊन आला. तो तिथल्या एका एजन्सीत गाडी चालवायचा आणि पाहुण्यांना टेकड्या दाखवायचा. जीपमधून उतरता उतरताच ओरडला, "आई, तुझं दार जगभर गेलं!"

"कुठे गेलं? काल तर होतं."

"फोनमध्ये गं." त्यानं दाखवलं. पांढरी वाळू, निळं तळं, निळं दार आणि दारात उडी मारणारी कुणीतरी बाई. आणखी एक. आणखी एक. दिओलिंदा बराच वेळ बघत होती.

"ही सगळी माझ्या घरात का उड्या मारतायत?"

"छान दिसतं म्हणून. लोक तेवढ्यासाठी येतायत, आई. तळी बघायला येत नाहीत आता. आधी विचारतात, दार कुठाय."

आणि खरोखरच आले. आधी पायी, मग जीपमधून. सकाळपासून रांग लागायची. "घरात कोण आहे हो?" असं हसत ओरडायचे, फोनकडे बघत. उत्तराला कुणी थांबत नसे. सुरुवातीला दिओलिंदा प्रत्येकाला "बाहेर कोण आहे हो?" म्हणायची. घसा बसला, कॉफी संपली. मग ती नुसतीच काजूखाली बसून राहू लागली. काजूवर आता इतक्या फिती झाल्या होत्या की खोड दिसेना. कुणीतरी त्यावर चाकूनं बदाम कोरला होता. तिनं वाळक्या फांद्या रोवून पोरीभोवती कुंपण केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर कुणी त्यातल्या फांद्या काढून तळ्याकाठी मासे भाजले होते. फितींचं तिला बरं वाटायचं आणि पायांचा संताप यायचा. दोन्ही एकाच माणसाकडून मिळत होतं, त्याला ती काय करणार?

आणि मग दुसरं दार उभं राहिलं. पलीकडच्या टेकडीच्या पायथ्याशी, पिवळंजर्द, सांतो इनासियोच्या एका लॉजवाल्याचं. मागोमाग हिरवं. मग एक लाल, त्याला काचेची खिडकी. लॉजवाल्यांचे गडी दारामागे बसून कॉफी पिऊ लागले आणि विचारलं की सांगू लागले, आमच्याकडे रीत आहे, दार लागलं की घर झालं.

"आयत्या बिळावर नागोबा," गोन्सालो दात खाऊन म्हणाला.

"कॉफी तरी धड करतात का?" कितेरियानं विचारलं.

"थर्मासमधून आणतात."

सभा शाळेच्या ओट्यावर भरली. ओतावियो होते, नगरपालिकेचे पर्यटनवाले साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि वाल्देनोर एजन्सीच्या लोकांबरोबर मागे उभा होता. आईकडे तो एकदाच बघून हसला.

ओतावियोंनी बोलायला वेळ लावला नाही. लॉजवाल्यांची दारं पुढच्या आठवड्यात उपटली जातील. गाड्या तळ्यांच्या अलीकडेच थांबतील. रोज ठराविकच माणसं, दोरीनं आखलेल्या एकाच वाटेनं, म्हणजे बाकीची जमीन, कासवं आणि पाखरं वाचतील. वस्तीतल्या लोकांनी मान डोलावली. हे सगळं बरंच होतं, बऱ्याच वर्षांनी कुणीतरी धड बोलत होतं.

"आणि निळं दार," पर्यटनवाले साहेब पुढे झाले, "ते राहील. ते आता आपल्या तालुक्याची ओळख आहे. वाट त्याच्यातूनच जाईल. तेवढं बघून लोक खूश होतात आणि आत आत घुसत नाहीत. उद्यानाचं काम झालं, आमचंही झालं."

टाळ्या वाजल्या. दिओलिंदानंही वाजवल्या. दार राहणार म्हणाले होते ना. मग तिनं हात वर केला.

"म्हणजे मेढी कधी रोवू, दोतोर?"

ओतावियोंनी टोपी काढली.

"घर नाही, दोना दिओलिंदा. फक्त दार."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "दाराला घर लागतं, दोतोर. नाहीतर ते आत कुठे नेणार?"

"मी भांडलो तुमच्यासाठी. खरंच भांडलो. पण आता त्या रीतीवर चार दारं उभी आहेत. तुमच्या दाराला घर मानलं तर त्या तिघांनाही मानावं लागेल. वकील घेऊन बसलेत ते. तुमचं घर नाकारलं, तरच मला त्यांची उपटता येतात." ते टोपी हातात फिरवू लागले. "नगरपालिका तुम्हाला शहरात पक्कं घर देतेय. विटांचं. नळ आहे आत."

यात खोट काढायला जागा नव्हती, हेच वाईट होतं. दिओलिंदा मागे वळली आणि तिनं मुलाकडे पाहिलं. वाल्देनोर जमिनीकडे बघत होता. दाराच्या वाटेवर पाहुणे न्यायचं काम त्याच्या एजन्सीला मिळणार होतं, हे तिला नंतर कळलं. त्याला दोन लहान मुलं होती, त्याचंही खोटं नव्हतं.

"दार ठेवा," ती म्हणाली. "अडसर माझ्या नवऱ्यानं केलाय. तो मी नेणार."

"न्या की," पर्यटनवाले साहेब मोठ्या मनानं म्हणाले. "दार तसंही उघडंच ठेवायचंय."

वारा सुटला आणि टेकडी पुन्हा चालू लागली. वाल्देनोर तिला न्यायला आला तेव्हा स्वयंपाकघर गेलं होतं. मेढी उपटायच्या का, असं त्यानं विचारलं. कुठे रोवायला, असं तिनं विचारलं. बकऱ्या कितेरियाकडे गेल्या. जीप निघाली तेव्हा कितेरिया वाटेत उभी राहून ओरडली, "शहरातल्या बाई, आम्हाला विसरू नका हो!" आणि लगेच पदरासारखं डोक्याचं फडकं तोंडात कोंबून आत पळाली.

शहरातलं घर चांगलं होतं. नळाला पाणी होतं, जमिनीला लादी होती, ताटात वाळू नव्हती. दार लोखंडाचं, बाहेरून बटण दाबलं की आत चिमणीसारखं काहीतरी ओरडायचं. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा दिओलिंदानं सवयीनं विचारलं, "बाहेर कोण आहे हो?" वीजबिलवाला होता. त्याला काय सांगावं ते कळेना. अडसर तिनं झोपाळ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. सूनबाई एकदा म्हणाली, "सासूबाई, हे दांडकं फेकून देऊ का?" मग तिच्याकडे बघून पुन्हा म्हणाली नाही.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्यांचा दिवस असतो. तीस वर्षं दिओलिंदा त्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी मेणबत्ती लावत आली होती, पोर नेमकी कुठे हे न कळता, अंदाजानं. या वर्षी पहिल्यांदा तिला जागा ठाऊक होती. सामानाच्या गाडीतून ती पहाटे निघाली. पिशवीत मेणबत्त्या, काडेपेटी आणि कापडात गुंडाळलेला अडसर. अडसर का घेतला, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

जोडून सुट्या आल्या होत्या. दोरीच्या वाटेवर माणसंच माणसं. ती कडेनं पुढे जाऊ लागली तशी नव्या पहारेकऱ्यानं शिट्टी मारली.

"दोना, रांगेत. दोरीच्या आत या."

"मला पलीकडे जायचंय. काजूपाशी."

"सगळ्यांनाच जायचंय."

ती रांगेत उभी राहिली. पुढे वाल्देनोर दिसत होता, एजन्सीचा पिवळा शर्ट घातलेला, लोकांचे फोन घेऊन फोटो काढून देणारा. "हाक द्या, हाक द्या," तो सांगत होता. "घरात कोण आहे हो! हां, असं. आता हसा." त्याचं मागे लक्ष नव्हतं. रांग सरकत होती, ऊन चढत होतं. तिच्या पुढच्या जोडप्यानं दारात मुका घेतला, चांगला वेळ लावून. मग तिची पाळी आली. वाल्देनोर कुणाला तरी पाणी द्यायला बाजूला गेला होता.

ती दारातून आत गेली. काजूच्या फिती उन्हानं पांढऱ्या झाल्या होत्या. ती गुडघ्यावर बसली आणि तिनं काडी ओढली. विझली. दुसरी ओढली, ओंजळ धरली, मेणबत्तीपर्यंत नेली. विझली. समुद्रावरून वारा सरळ उघड्या दारातून येत होता आणि तिच्या पाठीवर वाळू मारत होता.

ती उठली. दार उघडं धरून ठेवणारी दोरी सोडली, दार ओढून घेतलं, पिशवीतून अडसर काढला आणि घातला. तो जागच्या जागी बसला.

दाराच्या आडोशाला, अगदी खाली, वारा पडला. मेणबत्ती लागली. ज्योत आधी वाकडी झाली आणि मग सरळ उभी राहिली. दिओलिंदा तिच्यासमोर बसली. "रोझिल्दा," ती म्हणाली, "दार लावलंय गं. आता वारा नाही येणार." तिला पोरीचा तापलेला हात आठवला, छपरावर वाजणारा पाऊस आठवला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ती आपल्या घरात होती.

बाहेर आधी हशा पिकला. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग आहे. मग कुणीतरी शिट्टी वाजवली. कुणी म्हणालं, अजून किती वेळ? पहारेकरी आला, म्हणाला, "ए बाई!" त्यानं दार ढकलून पाहिलं. दार हललं नाही. भिंत नव्हती. कुणीही दोन पावलं टाकून वळसा घालून आत येऊ शकलं असतं. पहारेकरी दोरी उचलून तसा निघालाही.

"थांब," वाल्देनोरचा आवाज आला. "मी बघतो."

तो दारापाशी आला. वळसा त्यानं घातला नाही. त्याच दाराआड तो जन्मला होता. मग दोन टाळ्या, हळू.

"घरात कोण आहे हो?"

त्या आवाजात हसू नव्हतं. दिवसभर जी हाक तो लोकांना शिकवत होता ती ही नव्हती.

"बाहेर कोण आहे हो?"

ती वाट बघत राहिली. उत्तर दोनच शब्दांचं होतं. बोलता यायला लागल्यापासून त्याला ते पाठ होतं. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, त्यामागे रांगेची चुळबूळ.

"मी आहे, आई. वाल्देनोर," तो म्हणाला. "उघड गं. लोक उन्हात उभे आहेत."

तिनं आणखी थोडं थांबून पाहिलं. मग ती उठली, अडसर काढला आणि दार उघडलं. वारा आत आला. तिनं मागे वळून बघितलं नाही, काय झालं असेल ते तिला ठाऊक होतं.

वाल्देनोरचे डोळे लाल होते. वाळूनं किंवा कशानंही. तिला हात द्यावा म्हणून तो पुढे झाला, तेवढ्यात मागून एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. तिच्या नवऱ्यानं फोन वर धरला.

"आई," वाल्देनोर अगदी हळू म्हणाला, "जरा बाजूला हो. त्यांच्या फोटोत येतेस."

दिओलिंदानं अडसर काखेत घेतला आणि ती बाजूला झाली.